भेंडीचा गंबो, चवळीभात आणि आपली ज्वारी

प्रश्न: ताई, लेक अटलांटाला असते, तिथल्या काळ्या शेजारणीनं तिला नवीन वर्षाला चवळीभात आणि भेंडी घातलेला गंबो म्हणून दाट रस्सा जेवायला घातला. फोटो बघून सासूबाई म्हणाल्या हे आपलंच की, आपल्याकडनंच गेलं असणार. खरं काय?
एक वाचक, खानापूर

उत्तर: सासूबाईंना सांगा, उलट आहे बघा. चवळी आणि ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतनं आपल्याकडं आल्या, म्हणजे आपली भाकरीपण मूळची तिकडचीच. अमेरिकेत भेंडी गेली तीही आफ्रिकेतल्या गुलामांबरोबरच, गंबो हा शब्दच त्यांच्या बांटू भाषांतल्या भेंडीच्या नावावरनं आलाय. आपण भेंडीची तार तुटावी म्हणून आमसूल घालतो, त्यांना ती तारच पाहिजे, तिच्यानं रस्सा दाट होतो.

पण नुसतं बी गेलं असं म्हणू नका, पिकवणारी माणसं आणि त्यांचं कसबही नेलं, माझा जीव तिथंच अडकतो. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्याच्या मळेवाल्यांना भात पिकवणारी माणसं पाहिजे होती, म्हणून १८व्या शतकात तिथल्या चार्ल्स्टन शहराच्या पेपरात भाताच्या किनाऱ्यावरची, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या भात पिकवणाऱ्या भागातली, माणसं विकायला आलीत अशा जाहिराती यायच्या. दलदलीत बांध घालायचे, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडायचं, आणि मग बायका लाकडी उखळात भात कांडून गवताच्या सुपात पाखडायच्या. तुम्ही खानापूरच्या, मुसळ जरा जोरात बसलं की कणी होते हे तुम्हाला काय सांगायचं. अख्खा तांदूळ मालकाचा, कणी या गुलामांच्या ताटात.

जेम्स हेमिंग्जचं तर लई वाईट वाटतं. तो पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचा गुलाम, १७८४ला पॅरिसला नेऊन त्याला फ्रेंच स्वयंपाक शिकवला, मॅकरोनी-चीज अमेरिकेत आणल्याचं नाव मात्र वर्षानुवर्षं जेफरसनचं. १७९६ला सुटका झाली तीही भावाला सगळा स्वयंपाक शिकवल्यावरच. जाताना त्यानं स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी केलेली, ती त्याच्या अक्षरातली अजून जपून ठेवलीय.

आणि लांब कशाला जायचं, तुमच्या खानापूर-हल्याळ भागातले सिद्दी आहेत की, त्यांचे पूर्वजही आफ्रिकेचे, बरेचजण पोर्तुगीजांनी गुलाम करून गोव्यात आणलेले.

लेकीला सांगा, शेजारणीला विचार हा गंबो तिला कुणी शिकवला, आजीनं का आणखी कुणी, आणि कृती लिहून घेताना वर त्या बाईचं नाव घाल.