रोटाव्हेटरच्या पात्यांवरचे हार्डफेसिंग आणि खाऱ्या पाण्यातील लेप : टिकाऊपणा कसा तपासावा?

आपण मूर्तिजापूरजवळ वेल्डिंगचे दुकान चालवता. रोटाव्हेटरच्या पात्यांवर चढवलेला हार्डफेसिंगचा, म्हणजे झीज रोखण्यासाठी वेल्डिंगने भरलेल्या कठीण धातूचा थर खरोखर किती टिकतो आणि खारपाणपट्ट्यातील पाण्यात लोखंडावरचा कोणता लेप तग धरतो, हे शेतकऱ्याला पटेल अशा रीतीने कसे तपासावे, असा आपला प्रश्न आहे. मी बरीच वर्षे धातू-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम केले आणि आता दर्यापूर तालुक्यात शेती करतो. त्यामुळे हा विषय मला दोन्ही अंगांनी जवळचा आहे.

प्रयोगशाळेत घासझीज मोजण्याची रूढ चाचणी म्हणजे एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची जी ६५. रबराची कड असलेले चाक नमुन्यावर दाबून फिरवतात आणि दोहोंच्या मध्ये कोरडी वाळू सतत सोडतात. तिच्या सर्वांत कडक प्रकारात १३० न्यूटन, म्हणजे सुमारे १३ किलोचा दाब असतो आणि चाकाचे ६००० फेरे होतात. नमुन्याचे घटलेले वजन घनतेने भागून झीज आकारमानात सांगतात, कारण टंगस्टन कार्बाइड (टंगस्टन व कार्बनचे अतिकठीण संयुग) पोलादाच्या जवळपास दुप्पट जड असते आणि नुसत्या ग्रॅमवर तुलना केली तर त्याच्या थरावर अन्याय होतो. कंपनीच्या पत्रकातील ‘इतके पट टिकाऊ’ हा दावा बहुधा अशाच चाचणीतून आलेला असतो. तो खोटा नसतो; मात्र त्या चाचणीत दगडाचा एकही ठोका नसतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे जमीन बदलली की झीजही बदलते. काळ्या भारी जमिनीतली चिकणमाती पोलादापेक्षा फार मऊ असते आणि तिच्यातली चुनखडीही मऊच. पाते खातात ते तिच्यात मिसळलेले गारगोटीचे तुकडे आणि कठीण कण. भंडारा-गोंदियाकडील भातजमिनीत क्वार्ट्झची वाळू जास्त असते, आणि क्वार्ट्झ कडक केलेल्या पोलादापेक्षाही कठीण असते. तिथे क्रोमियम कार्बाइडचा थर देणाऱ्या वेल्डिंग रॉडचा उपयोग होतो, कारण ते कार्बाइड क्वार्ट्झपेक्षा कठीण आहे. बरड, दगडाळ वावरात मात्र तोच थर ठिसूळपणामुळे टवके उडून जातो. अशा ठिकाणी कठीणपणा थोडा कमी पण चिवटपणा जास्त असलेला रॉड मी पसंत करीन.

आपल्यासाठी खरी चाचणी वावरातच आहे. रोटाव्हेटरच्या एका फ्लँजवर (पाती बोल्टने बसवायच्या चकतीवर) साधारणपणे सहा पाती असतात, तीन डावी आणि तीन उजवी. एकाच गठ्ठ्यातली नवी पाती घ्यावीत आणि प्रत्येक बाजूला साधे व थर दिलेले पाते शेजारी-शेजारी लावावे. पुढच्या फ्लँजवर त्यांच्या जागा बदलाव्यात, कारण ट्रॅक्टरच्या चाकामागे दबलेल्या मातीत पाते अधिक झिजते. बोल्टच्या भोकाजवळ पंचने क्रमांक ठोकावा. पाते धुऊन, तारेच्या ब्रशने घासून आणि पूर्ण वाळवून एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलावे, आणि भोकापासून ठरावीक अंतरावर पात्याची रुंदी व्हर्नियरने मोजावी. कामाचे तास, जमीन आणि ओल यांची नोंद वहीत ठेवावी. नुसते वजन पुरत नाही, कारण पाते निकामी होते ते टोक आणि धार गेल्यामुळे, आणि तिथला थोडासा धातू वजनात फारसा दिसत नाही.

माझ्या स्वतःच्या रोटाव्हेटरवर मी हे करून पाहिले, तेव्हा वेल्डचा पट्टा जवळजवळ जसाच्या तसा होता. त्याच्या लगत मागे मात्र बोट बसेल असा खोलगट चर पडला होता आणि पट्टा छज्ज्यासारखा पुढे आला होता. पुढे तो एका दगडावर तुटला. पाते कारखान्यात उष्णतेने कडक केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने पट्ट्याशेजारचे पोलाद नरम पडते आणि झीज तिथे घुसते. म्हणून रॉड बारीक, करंट कमी आणि पट्टे आखूड ठेवावेत आणि प्रत्येक पट्ट्यानंतर पाते थोडे निवू द्यावे. पहिल्या थरात पात्याचे लोखंड मिसळल्याने तो रॉडच्या डब्यावर लिहिलेल्या कठीणपणाला पोहोचत नाही. चांगली नवी कानस थरावरून घसरली पाहिजे आणि पट्ट्याशेजारी ती कुठे चावू लागते, ते हाताला कळते. क्रोमियमच्या रॉडने भरलेल्या पट्ट्यावर आडव्या बारीक भेगा दिसणे स्वाभाविक आहे. त्या पात्यात उतरल्या तरच काळजी करावी.

गंजाबाबत आपल्याला मिठाच्या धुक्याच्या चाचणीचे तास दाखवले जातील. तिच्यात ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाचे पाणी नमुन्यावर अखंड फवारतात. त्या तासांवरून वर्षांचा हिशोब कृपया करू नये. जस्ताचा मुलामा ओला-कोरडा होत राहिला तर त्यावर संरक्षक पापुद्रा धरतो. सतत ओल्या धुक्यात तो धरत नाही, आणि जस्त आहे त्यापेक्षा दुबळे दिसते. आपण गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला), रेड ऑक्साइडच्या अस्तरावर ऑइल पेंट आणि इपॉक्सी रंग असे लोखंडाचे तीन नमुने घ्यावेत, प्रत्येकावर धातू दिसेपर्यंत ब्लेडने फुली मारावी आणि ज्या बोअरचे पाणी वापरात आहे त्याच्याच टाकीत अर्धे बुडवून नायलॉनच्या दोरीने टांगावेत. ते एकमेकांना किंवा पितळी वस्तूला टेकू देऊ नयेत. दर महिन्याला पाण्याची रेघ, कापलेली कड आणि फुली या तीन जागा पाहाव्यात. फुलीच्या रेषेतला गंज सर्वांनाच दिसतो. त्या रेषेपासून रंगाखाली तो किती मिलिमीटर सरकला, हे नखाने रंग उचलून पट्टीने मोजावे आणि वहीत तोच आकडा लिहावा.