वाचक विचारतात: गाडीतली अर्धी बाटली

गेल्या अंकात आम्ही म्हणलं होतं की अमेरिकेत गाडी चालवताना पडणारे प्रश्न पाठवा. वाटलं होतं स्पीडिंग, इन्शुरन्स, इंडियन लायसन्स वगैरे येईल, पण दिवाळीच्या पार्ट्या नुकत्याच उरकलेल्या, त्यामुळे बरेचसे प्रश्न बाटलीवरच निघाले. मग म्हणलं होऊन जाऊ दे, हा अख्खा कॉलम त्यालाच. एक आधीच सांगतो, हे सगळं सर्वसाधारण माहितीसाठी आहे, हातात पोलिसांनी दिलेलं तिकीट (चलान) असेल तर त्या गावातला वकील गाठा.

प्रश्न : सासरे गोव्याहून येताना काजू फेणी घेऊन आले. लक्ष्मीपूजनानंतर मित्राकडे जेवायला गेलो, तिथे बाटली उघडली. गाडी मी चालवणार होतो म्हणून मी एक थेंबही घेतला नाही. परत येताना उरलेली बाटली बूच घट्ट लावून सासऱ्यांनी पायाशी ठेवली. टेललाइट बंद होता म्हणून पोलिसांनी थांबवलं, बाटली बघितली आणि तिकीट माझ्या हातात. मी प्यायलोच नाही तर गुन्हा कसला? कोर्टात हेच सांगू का? (एक वाचक, टेक्सस)

उत्तर : सांगा, पण त्याचा उपयोग शून्य. आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. तुम्ही प्यायलात का हा वेगळा कायदा आणि गाडीत उघडी बाटली होती का हा वेगळा कायदा, दुसऱ्याला तुमच्या तोंडाच्या वासाशी काही देणंघेणं नाही. टेक्ससमध्ये हा नियम पीनल कोडच्या कलम 49.031 मध्ये आहे, 2001 च्या सप्टेंबरपासून लागू. त्याच्या आधी तिथे पोलिसाने ड्रायव्हरला पिताना प्रत्यक्ष बघावं लागायचं, आता नुसती बाटली पुरते.

आणि उघडी म्हणजे बूच काढलेली एवढंच नाही बरं का. जी कधीतरी उघडली गेली, जिचं सील तुटलंय किंवा जिच्यातलं थोडंसं कमी झालंय ती कायद्याने उघडीच, तुम्ही बूच हातोडीने ठोकून बसवलं तरी. आत किती उरलीय यालाही महत्त्व नाही, कितीही असली तरी चालते, म्हणजे त्यांना तिकीट द्यायला चालते. गाडी चालू पाहिजे असंही नाही, रस्त्याच्या कडेला उभी केलेली असली तरी नियम लागू.

फक्त एक शब्द तुमच्या कामाचा आहे. कायदा म्हणतो माहीत असताना जवळ बाळगणं. बाटली सासऱ्यांच्या पायाशी होती, ती तुमच्या ताब्यात होती असं म्हणता येईल का यावर वकील काहीतरी बोलू शकतो. पण ते जमलं तर मग ती कोणाची होती हा पुढचा प्रश्न येतो आणि सासरे व्हिजिटर व्हिसावर आलेत, तेव्हा हा मुद्दा लढवायचा की नाही हे आधी घरात ठरवा, बायकोला विचारून ठरवा.

बाकी घाबरू नका. हा टेक्ससमधला सगळ्यात खालच्या वर्गातला गुन्हा, क्लास सी, दंड जास्तीत जास्त 500 डॉलर, तिकिटावर सही करून सोडून देतात. गाडीत चार बाटल्या सापडल्या तरी गुन्हा एकच धरतात. प्यायलेल्या ड्रायव्हरकडे उघडी बाटली सापडली तर मात्र प्रकरण बदलतं, तिथे कमीत कमी सहा दिवस जेल आहे. फक्त एक करा, ऑनलाइन दंड भरून मोकळं व्हायची घाई करू नका. दंड भरणं म्हणजे दोष मान्य केल्यासारखं होतं आणि रेकॉर्डवर राहतं. अशा केसमध्ये डिफर्ड डिस्पोझिशन नावाचा प्रकार मागता येतो, ठरलेली मुदत नीट वागलात, अटी पाळल्यात की केस काढून टाकतात. ते मिळेल का हे विचारून मगच पैसे भरा.

प्रश्न : मग उरलेली बाटली न्यायची तरी कशी? टाकून द्यायची का? मी म्हणते ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून लॉक करायची, मिस्टर म्हणतात ट्रंक, म्हणजे डिक्कीत. (एक वाचक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

उत्तर : मिस्टर बरोबर आहेत, यावेळी मान्य करा. टेक्ससमध्ये लॉक केलेला ग्लोव्ह बॉक्स चालतो पण तुमच्याकडे कॅलिफोर्नियात ग्लोव्ह बॉक्स हा गाडीत माणसं बसतात त्याच जागेचा भाग धरतात, लॉक असला तरीही. ट्रंकमध्ये ठेवा. एसयूव्हीला वेगळी ट्रंक नसते, मग सगळ्यात मागच्या सीटच्याही मागे, जिथे कोणी बसत नाही तिथे. रेस्टॉरंटमध्ये मागवलेल्या वाइनची उरलेली बाटली कॅलिफोर्नियात घरी नेता येते, पण तीसुद्धा ट्रंकमध्येच. आणि मुलगा किंवा मुलगी 21 च्या आतली असेल, एकटी गाडी घेऊन जात असेल, तर तिच्याबरोबर सीलबंद बाटली पण पाठवू नका, "जाता जाता काकांकडे एवढी वाइन देऊन ये" हे अजिबात नाही.

प्रश्न : व्हर्जिनियात राहतो. ऑफिसमधला एक जण छातीठोकपणे सांगतो की इथे बाजूच्या सीटवर बसून बिअर प्यायली तरी चालते. खरंय का?

उत्तर : अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं आहे. व्हर्जिनियाचा कायदा ड्रायव्हरवर आहे, चालवताना पिऊ नये एवढाच. बाजूच्याने प्यायला राज्याच्या कायद्यात बंदी नाही. पण बाटली समोर उघडी आहे, त्यातली थोडी संपलीय आणि ड्रायव्हर प्यायल्यासारखा वागतोय, बोलतोय किंवा वास येतोय, हे तिन्ही जुळलं की ड्रायव्हरच प्यायला असं गृहीत धरतात आणि नाही प्यायलो हे मग त्याने पटवून द्यायचं. दंड 250 डॉलरपर्यंत.

शिवाय तुम्ही राहता कुठे ते बघा. आर्लिंग्टनमधून निघालात आणि पोटोमॅकवरचा पूल ओलांडला की वॉशिंग्टन डीसी, तिथे गाडीत कोणाच्याच हातात उघडी बाटली चालत नाही. गाडी ज्या क्षणी जिथे आहे तिथला कायदा, नंबर प्लेट कुठली त्याचा संबंध नाही. पुलाच्या मधोमध बिअर संपवणार आहात का?

प्रश्न : हे असं प्रत्येक राज्यात वेगळं का? एक देश आहे ना? आणि मिसिसिपीत म्हणे ड्रायव्हर पण पिऊ शकतो, व्हॉट्सॲपवर आलं होतं, मला तर फेकच वाटलं. (एक वाचक, अटलांटा)

उत्तर : फेक नाहीये! मिसिसिपीत असा राज्यभर लागू होणारा कायदाच नाही. रक्तातलं अल्कोहोल 0.08 टक्क्यांच्या आत असेल तर बिअर हातात घेऊन चालवणं राज्याच्या कायद्याने गुन्हा ठरत नाही. काही शहरांनी आणि काउंटींनी आपापली बंदी घातलीय, त्यामुळे तिथेही गावागणिक नियम बदलतो.

वेगवेगळं का, तर 1933 साली देशभरची दारूबंदी उठली तेव्हा घटनादुरुस्तीनेच दारूचा विषय राज्यांकडे सोपवला. मग वॉशिंग्टनला, म्हणजे केंद्र सरकारला, काही करून घ्यायचं असलं की ते पैशाच्या बाजूने येतात. पिण्याचं वय 21 असंच झालं, 1984 च्या कायद्याने, वय वाढवा नाहीतर हायवेचे पैसे कापू. साउथ डकोटा त्यावर सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1987 मध्ये हरलं. उघड्या बाटलीचं 1998 मध्ये आलं. गाडीतल्या सगळ्यांना, सगळ्या प्रकारच्या दारूला, पिण्यालाही आणि नुसती जवळ ठेवण्यालाही बंदी करा, म्हणजे तुमचा कायदा आम्ही पुरेसा मानू. पण इथे गंमत अशी की न करणाऱ्या राज्याचे पैसे बुडत नाहीत, रस्ते बांधायच्या निधीतला थोडा हिस्सा, आता अडीच टक्के, रस्ता सुरक्षेच्या कामांकडे वळवला जातो. माझं मत विचाराल तर ही शिक्षा म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखीच आहे, त्यामुळे व्हर्जिनिया, टेनेसी, मिसुरी यांनी बाजूला बसणाऱ्याला मोकळं सोडलंय यात नवल नाही.

आणि विषय निघालाच आहे तर लुइझियाना ऐका. तिथे ड्राइव्ह-थ्रूमध्ये गाडीतून न उतरता दाकिरी मिळते, म्हणजे रम घातलेला बर्फाचा गोळाच म्हणा, प्लास्टिकच्या ग्लासात. उघड्या दारूला बंदी लुइझियानात पण आहे. पण झाकण लावलेलं आहे, स्ट्रॉ आत खुपसलेली नाही आणि त्यातलं काही प्यायलेलं नाही तोवर तो ग्लास बंद समजतात. स्ट्रॉ घातली की गुन्हा. न्यू ऑर्लीन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये तोच प्लास्टिकचा ग्लास हातात घेऊन चालत फिरलात तर कोणी विचारत नाही, त्यामुळे आपली मंडळी बिनधास्त होतात आणि तसेच गाडीत जाऊन बसतात. तिथे फसतात.

प्रश्न : पाच फॅमिली मिळून आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्कला निघालोय. मागे बसून थोडी घेतली तर चालेल का? आणि एअरपोर्टहून उबरने जाताना?

उत्तर : आरव्हीच्या मागच्या राहत्या भागाला केंद्राच्या नियमातच सूट आहे, आणि यलोस्टोनकडच्या वायोमिंग, मोंटाना दोन्ही राज्यांत तशीच आहे. ड्रायव्हर आणि त्याच्या बाजूची सीट हा राहता भाग नाही, तिथे ग्लास येता कामा नये, गप्पा मारायला पुढे जाऊन उभे राहता ना, तेव्हा ग्लास मागे ठेवून जा. (सीटबेल्ट लावून बसायचं हे मुलांना तरी सांगाल अशी आशा.) तशीच सूट भाड्याची बस, लिमोझिन, टॅक्सी यांतल्या प्रवाशांना असते, प्रत्येक राज्याच्या अटी थोड्या वेगळ्या. उबरला टॅक्सी समजून चालू नका, त्यांच्या स्वतःच्याच नियमात उघडी दारू चालत नाही आणि तुमच्यामुळे बिचाऱ्या ड्रायव्हरचं काम जाऊ शकतं.

प्रश्न : हसू नका. माझ्या पर्समध्ये कायम द्राक्षासवाची बाटली असते, जेवणानंतर दोन चमचे. पण त्यात अल्कोहोल असतं असं लेबलवर लिहिलंय. (एक आजी, सध्या मुलाकडे, कॅलिफोर्निया)

उत्तर : हसलो, खोटं कशाला बोलू. पण आजी, प्रश्न चांगला आहे. आसवं आणि अरिष्टं आंबवून बनवतात, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं आणि ते बिअरपेक्षा जास्तही असू शकतं. कॅलिफोर्नियाच्या व्याख्येत अर्धा टक्का किंवा जास्त अल्कोहोल हवं आणि ते पेय म्हणून पिण्याजोगं हवं. दोन चमचे औषध म्हणून घेण्याची वस्तू त्यात बसत नाही असं म्हणायला जागा आहे, पण रात्री अकरा वाजता हायवेवर त्या पोरसवदा पोलिसाला आयुर्वेद समजावण्यापेक्षा बाटली ट्रंकमधल्या बॅगेत ठेवा, घरी गेल्यावर घ्या.

प्रश्न : एच-वन-बीवर आहे, ग्रीन कार्डची लाइन चालू आहे. उघड्या बाटलीचं तिकीट मिळालंय, ड्रायव्हिंग अंडर इन्फ्लुएन्स (पिऊन गाडी चालवणं) नाही, फक्त बाटली. व्हिसा जाईल का? झोप उडालीय.

उत्तर : झोपा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, शिक्षा झाली नसली तरी, परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं आणि 2015 पासून ते तसं करतायत, मग पुढच्या व्हिसा स्टॅम्पिंगला मेडिकल वगैरे मागे लागतं. तुमचं तिकीट त्यातलं नाही. पण तिकिटाचे सगळे कागद, दंडाची पावती, केस बंद झाल्याचं कोर्टाचं पत्र, स्कॅन करून ठेवा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला आत्ताच कळवा, पुढचा कुठलाही फॉर्म भरायच्या आधी. सिटिझनशिपच्या फॉर्ममध्ये अटकच नाही तर तिकीट मिळालं होतं का हेही विचारतात. साध्या ट्रॅफिक तिकिटाला, अटक नसेल आणि दंड 500 डॉलरच्या आत असेल तर कागद जोडावे लागत नाहीत, पण त्याच सूचनेत लिहिलंय की दारू किंवा ड्रग्जचा संबंध असेल तर ही सवलत नाही. म्हणजे दहा वर्षांनी आजचा कागद लागणार आणि तोवर त्या छोट्या कोर्टाने फाइल ठेवली असेल याची खात्री नाही.

प्रश्न : पार्टीनंतर रिकामे कॅन पिशवीत भरून मागच्या सीटवर टाकतो आणि सकाळी रीसायकलिंगला नेतो. हे पण? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : हे पण. तळाशी घोटभर राहिलेला एखादा कॅन त्यात असतोच, गाडीभर वास सुटतो, आणि न्यू जर्सीत पहिल्या वेळचा दंड 200 डॉलर आहे. कॅन पाण्याने विसळा, पिशवीला गाठ मारा, ट्रंकमध्ये टाका.