औंढ्याच्या लायगोत बिग बँग ऐकू येणार का?

प्रश्न: आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होतेय. सगळे म्हणतात आता बिग बँगच्या लहरी इथंच पकडणार. खरंय का? आणि त्यासाठी गुरुत्वीय लहरीच कशाला, मोठी दुर्बीण लावली तर नाही का दिसणार?
– एक वाचक, वसमत

उत्तर: दुर्बिणीचं आधी सांगतो. कितीही मोठी लावा, प्रकाशानं बघायचं तर बिग बँगनंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांपर्यंतच मागं जाता येतं. त्याआधी जिकडंतिकडं सुटे इलेक्ट्रॉन, प्रकाश जरा पुढं गेला की आपटून दुसरीकडंच वळायचा, पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात हेडलाइटचं होतं ना, अगदी तसं. गुरुत्वीय लहरी म्हणजे खुद्द अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याच्या लहरी, त्यांना मात्र कुणी अडवत नाही, त्या पार सुरुवातीपासून आरपार निघून आल्यात, म्हणून त्यांचा एवढा सोस.

पण औंढ्यात त्या सापडतील ही आशा धरू नका. लायगोला ऐकू येतं ते साधारण १० हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंतचं, आणि इन्फ्लेशनच्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या क्षणी विश्व अचानक प्रचंड फुगलं असं मानतात तेव्हाच्या, लहरी त्या पट्ट्यात फारच क्षीण असणार. तिथं कळेल ती ब्लॅक होलची, न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पहिल्यांदा कळली तशी. आता हेही काही कमी नाही म्हणा.

इन्फ्लेशनच्या खुणा शोधतात दक्षिण ध्रुवावर, त्या सगळ्यात जुन्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्याच्या डोलण्याच्या दिशेत, गुरुत्वीय लहरींनी पीळ पाडलाय का ते बघतात. मार्च २०१४ मध्ये तिथल्या बायसेप-२ दुर्बीणवाल्यांनी सापडलं म्हणून जाहीरच केलं, इन्फ्लेशनवाल्या आंद्रेई लिंडेंच्या दारात जाऊन बातमी दिली, शॅम्पेन फुटली, व्हिडिओ जगभर फिरला. आणि २०१५ च्या जानेवारीत प्लांक उपग्रहाचा डेटा जोडून बघतात तर काय, त्यातलं बरंचसं आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचं निघालं! अजून तरी हाती काही नाही.

महाराष्ट्रातलंच नाव हवं असेल तर नारायणगावजवळच्या खोडदचं घ्या. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या डिश वर्षानुवर्षं पल्सारचे, म्हणजे गरगर फिरत नेमानं रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके मोजतायत, गुरुत्वीय लहरींमुळं सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास ते मागंपुढं होतात का बघायचं, काम फार चिकाटीचं. जून २०२३ मध्ये युरोपवाल्यांसोबत आपल्या टीमनं आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीनच्या टीमनीही गुरुत्वीय लहरींची एक संथ गुणगुण असल्याचे पुरावे मांडले. बहुतेकांना ती महाकाय ब्लॅक होलच्या जोड्यांची वाटते, मलाही तेच पटतं. पुढं ती आकाशात दिशेनुसार कमीजास्त भरली तर हे पक्कं होत जाईल, सगळीकडून एकसारखीच येत राहिली तर मात्र सुरुवातीच्या विश्वावर बोट ठेवणाऱ्यांना बोलायला जागा आहे.