आधी सेक्शन काढ, रेंडर मग

प्रिय,

तुझ्या आर्किटेक्चरच्या थीसिसच्या तिन्ही शीट पाहिल्या. चाकणच्या मोटार कंपनीचं लोकांसाठी खुलं प्रदर्शन केंद्र, विषय चांगला निवडला आहेस. पण तिन्हीकडे रेंडरच, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली फोटोसारखी चित्रं, आणि त्यात इमारत फक्त बाहेरून दिसते, संध्याकाळच्या उजेडात, समोर पाण्याचं तळं. ते तळं चाकणमध्ये कुठून आणणार, हे परीक्षकांची ज्युरी विचारेलच. मला विचारायचंय ते वेगळं: दारातून आत आलेला माणूस पुढे कुठे जातो?

संदर्भ म्हणून तू श्टुटगार्टचं मर्सिडीज-बेंझ म्युझियम लावलं आहेस, तेव्हा त्याच्याबद्दलच बोलू. बेन व्हान बेर्केल आणि कॅरोलिन बॉस यांच्या यूएनस्टुडिओ या आर्किटेक्ट ऑफिसने केलेली ही इमारत २००६ साली उघडली. बाहेरचं चकचकीत वळण सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि विद्यार्थी नेमकं तेवढंच उचलतात. ते वळण कुठून आलं, हे कळायला सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणारं चित्र, उघडावा लागतो.

तिथे प्रेक्षक आधी लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जातो आणि मग चालत खाली उतरतो. वर पोचल्यावर पहिली भेट होते ती एका पांढऱ्या घोड्याशी. सोबत जर्मन सम्राटाच्या नावावर खपणारं वाक्य: माझा विश्वास घोड्यावर, मोटार काय, आज आहे उद्या नाही. मोटार कंपनीने आपली गोष्ट आपल्याच टिंगलीने सुरू करावी, हे मला फार आवडतं.

तिथून दोन वाटा निघतात. एक काळाच्या क्रमाने कंपनीचा इतिहास सांगते. तिच्या खोल्यांत दिवसाचा उजेड येत नाही, नाटकासारखी प्रकाशयोजना आहे. दुसरी विषयवार आहे: प्रवासी नेणाऱ्या गाड्या, माल वाहणाऱ्या, अग्निशमन-रुग्णवाहिकेसारख्या मदतीच्या. इथे मोठ्या काचा आहेत, बाहेरचं शहर आणि रस्ता दिसतो. डीएनएच्या पिळासारख्या या वाटा एकमेकींभोवती फिरतात आणि मध्येच भेटतात. इतिहासाचा कंटाळा आला तर माणूस दुसऱ्या वाटेला लागू शकतो. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्येही (१९५९) वरून खाली उतरायचीच कल्पना होती, पण तिथे मुख्य उतार एकच. निघालात की निघालात. श्टुटगार्टला निवड आहे. शाळेच्या सहलीतली मुलं आणि इंजिनांचा वेडा म्हातारा एकाच इमारतीत सुखाने फिरू शकतात ते त्यामुळे.

आता हे उभं कसं राहतं ते बघ. प्लॅनमध्ये मधल्या त्रिकोणी मोकळ्या जागेभोवती तीन पाकळ्या आहेत. भिंत वळत वळत जाते, पिळली जाते आणि पुढे तीच उतार होऊन स्लॅबला मिळते. भिंत कुठे संपली आणि रॅम्प कुठे सुरू झाला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. या पिळांच्या जोरावर मधे एकही कॉलम न घेता सुमारे ३३ मीटर रुंद मोकळे मजले मिळतात, आणि त्यावर ट्रक आणि बस उभ्या राहतात. स्ट्रक्चर इंजिनिअर वेर्नर झोबेक यांच्या ऑफिसचं. दर्शनी भागात सुमारे १,८०० काचा आहेत. अशी भूमिती हाताने काढून साइटवर देता येत नाही, सगळं त्रिमित कॉम्प्युटर मॉडेलवर बेतलं होतं. तुझ्या बजेटमध्ये याचा नाद करू नकोस.

पण तू नक्की चोरावीस अशी गोष्ट धुराची आहे. मधली जागा सगळ्या मजल्यांना जोडते, म्हणजे आग लागली तर धूर सगळीकडे जाणार. नेहमीचा उपाय म्हणजे मजले भिंतींनी आणि दारांनी तोडणं. तसं केलं असतं तर दोन्ही वाटा मेल्या असत्या. म्हणून त्यांनी मधल्या जागेत कृत्रिम वावटळ उठवायची सोय केली. १४४ झोतांमधून हवा सुटते, साधारण ३४ मीटर उंच भोवरा तयार होतो आणि धूर ओढून छतातून बाहेर टाकतो. गिनेस बुकात त्याची नोंद आहे. तुझ्या शीटवर अॅट्रियम, म्हणजे अशीच मधली मोकळी जागा, चार मजले उंच आहे आणि फायरबद्दल एक अक्षर नाही. वावटळ नको, पण धूर कुठून निघणार ते तरी दाखव.

म्युनिकच्या बीएमडब्ल्यू वेल्टचा फोटोही तू शेजारी चिकटवला आहेस. ती इमारत (२००७, आर्किटेक्ट कोप हिमेलब्लाउ) म्युझियम नाही. तिथे गिऱ्हाईक आपली नवी गाडी घ्यायला येतं आणि जिन्यावरून उतरताना त्याला ती फिरत्या तबकडीवर दिसते. सुमारे १६,००० चौरस मीटरचं ढगासारखं छत अवघ्या ११ कॉलमवर आणि एका दुहेरी शंकूवर तोललंय, कारण खालचा तो सोहळा मोकळा राहायला हवा. दोन वेगळी कामं, म्हणून दोन वेगळे सेक्शन. तुझ्या केंद्रात गाडी विकायची आहे, दाखवायची आहे की कंपनीचा इतिहास सांगायचा आहे, हे अजून तू ठरवलेलं नाहीस. श्टुटगार्टच्या प्रदर्शनाची मांडणी एच. जी. मेर्ट्स यांची. तुझ्याकडे मेर्ट्स नाहीत, तेव्हा कोणती गाडी कुठे उभी राहणार, हे तूच लिहून काढ.

या आठवड्यात १:१०० स्केलला दोन सेक्शन काढ, हाताने. त्यात आजी, शाळेतला मुलगा आणि व्हीलचेअरवरचा माणूस, तिघांची वाट वेगवेगळ्या रंगात दाखव. रॅम्पचा उतार १:१२ (बारा फुटांत एक फूट) पेक्षा तीव्र झाला तर लगेच कळेल. रेंडरला तोवर हात लावू नकोस.

पार्किंगचं गणितही चुकलंय, बसना वळायला जागाच नाही. ते रविवारी फोनवर बोलू.

तुझे,
सर