मेकॅनिकल डिप्लोमा झाला, बेळगावात सगळे ‘अनुभव आहे का’ विचारून परत पाठवतात. कन्नडही कच्चं आहे. पुण्याला जाऊ का?

नका जाऊ. निदान पहिलं वर्ष तरी नको. खानापूरहून रोज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ये-जा होत असताना फ्रेशरचा पगार पुण्यातल्या खोलीभाड्यात आणि मेसमध्ये घालवायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. ‘बेळगावात आहे काय?’ म्हणणाऱ्यांशी माझा हा जुना वाद आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथे फाउंड्रीपासून हायड्रॉलिकच्या पार्टपर्यंत सगळं चालतं, हत्तरगीला विमानांचे पार्ट बनतात. निपाणी-चिकोडीकडच्या पोरांना तर कागल एमआयडीसी हाकेच्या अंतरावर.

राहिला अनुभव. मशीन शॉपमध्ये फ्रेशरला हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की हातात दिलेला जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला पार्ट, याला नीट मोजता येतो का. ट्रायलला बहुधा टर्निंगचा (लेथवर कातलेला) एखादा शाफ्ट आणि ड्रॉइंग देतात. समजा व्यास 30, पुढे एच7, स्मॉल एच; माप किती कमी-जास्त चालेल, याची ही खूण. म्हणजे माप 29.979 ते 30.000 मिमी, सगळी मिळून 21 मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) सूट, म्हणजेच टॉलरन्स. टेबलावर व्हर्निअर असतो आणि पोरगं तो उचलतं. तिथेच निकाल लागतो. साध्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिमी, म्हणजे 20 मायक्रॉन. अख्खी टॉलरन्स एका रेघेत संपली. 25-50 चा मायक्रोमीटर मागा, डिजिटल असेल तर उत्तम. हातात आल्यावर आधी 25 मिमीच्या सेटिंग पीसवर (नेमक्या मापाच्या तुकड्यावर) झिरो तपासा. जॉबवरचं तेल आणि बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) पुसून काढा, मायक्रोमीटर टोकाच्या रॅचेटनेच फिरवा, थिंबल (फिरती नळी) आवळू नका. लांबीवर तीन ठिकाणी मोजा, प्रत्येक ठिकाणी जॉब 90 अंश फिरवून पुन्हा. टेपर (एका टोकाला निमुळतेपणा) आणि ओव्हॅलिटी (गोलाईतला फरक) त्यातच सापडते.

जॉब मशीनवरून आत्ताच उतरलाय का, हेही विचारा. 20 अंश जास्त गरम असलेला 30 मिमीचा स्टील शाफ्ट साधारण 7 मायक्रॉन मोठा दिसतो, टॉलरन्सचा तिसरा हिस्सा. खालच्या लिमिटजवळचा जॉब गरम असताना ‘ओके’ दिला की थंड झाल्यावर अंडरसाइज निघतो, आणि मग लॉटच्या लॉट अडकतो. हा एक प्रश्न विचारणारा फ्रेशर मी तरी परत पाठवणार नाही.

पुढचा प्रश्न ऑफसेटचा, म्हणजे सीएनसी मशीनमध्ये टूलच्या मापात करायच्या दुरुस्तीचा असतो. 30.012 आलंय, काय कराल? मध्यावर आणायचं, म्हणजे 29.990, म्हणून एक्समध्ये (व्यासाच्या दिशेने) 22 मायक्रॉन कमी. फॅनुक कंट्रोलरवर वेअरच्या (टूलच्या झिजेच्या) पानावर त्याच टूलसमोर -0.022 टाइप करून ‘प्लस इनपुट’ दाबायचं. नुसतं ‘इनपुट’ दाबलं की आधीची व्हॅल्यू पुसली जाते आणि पुढचा जॉब भलत्याच मापाचा येतो. कॉलेजात सीएनसी लांबून दाखवलेली असेल तर बेळगावातल्या जीटीटीसी या सरकारी प्रशिक्षण केंद्रात चौकशी करा.

बायोडाटा गेटवर ठेवून येऊ नका. सकाळची शिफ्ट सुरळीत लागली की, दहा-साडेदहाला जा आणि क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या माणसाला भेटायचं आहे म्हणून सांगा. शिफ्ट बदलताना गेलात तर कुणी उभं करणार नाही. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. ओरिजिनल मार्क्स कार्ड कुणाकडेही ठेवायचं नाही, झेरॉक्स द्या. एनएटीएस या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नाव घाला. वर्षभराची अप्रेंटिसशिप मोठ्या कंपन्या अनुभवात धरतात.

पगार कमी चालेल, पण पीएफ कापला जातो का आणि पगाराची स्लिप मिळते का, हे रुजू होण्याआधी विचारा. कंत्राटदाराच्या नावावर रोख पगारात काढलेली दोन वर्षं पुढच्या इंटरव्ह्यूत दाखवता येत नाहीत. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो: मार्क्स कार्डवर आडनावाच्या जागी नुसतं आद्याक्षर, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण. पीएफ खात्यात नाव आधारप्रमाणेच लागतं आणि बँकेशीही जुळावं लागतं. हे आताच सारखं करून घ्या, नंतर पैसे काढताना दमछाक होते.

कन्नड कच्चं आहे म्हणताय. सुरुवातीला मराठी-हिंदीवर भागतं, पण शिका, आणि त्यात मराठीपण कमी होतं असलं काही मनात आणू नका. टूलचं कुठलं इन्सर्ट (बदलायचं पातं) बदललं, कुठल्या टूलला ऑफसेट दिला, हे आधीच्या शिफ्टचा ऑपरेटर जाताना कन्नडमध्येच सांगून जातो. ते कळलं नाही तर रिजेक्शन तुमच्या नावावर.

हे सगळं मशीन शॉपपुरतं. डिझाइन किंवा सॉफ्टवेअरकडे जायचं असेल तर पुणे-बंगळूरला गेल्याशिवाय इलाज नाही, तिथे माझा वाद नाही. आणि सरकारी नोकरीकडे डोळा असेल तर तुमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत आहे का बघा. असेल तर 10 जुलै 2008 च्या शासन निर्णयानुसार महाराष्ट्राच्या भरतीत अर्ज करता येतो; मात्र 15 वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. जाहिरात यायच्या आधीच तो काढून ठेवा.