घरातला आयपी पत्ता आणि बाहेरचा आयपी पत्ता

प्रश्न : माझ्या संगणकाचा आयपी पत्ता १९२.१६८.१.५ आहे आणि शेजाऱ्यांच्या संगणकाचाही नेमका तोच आहे. मग इंटरनेटवर गल्लत कशी होत नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कारण तो पत्ता घराबाहेर जातच नाही. १०, १९२.१६८ आणि १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. ते कोणीही वापरावेत, पण सार्वजनिक इंटरनेटवर त्यांना वाट मिळत नाही. सार्वजनिक पत्ता मात्र जगात एकमेव असावा लागतो. तुमचा राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरील (माहितीच्या तुकड्यावरील) खासगी पत्त्याच्या जागी सार्वजनिक पत्ता घालतो, पोर्ट क्रमांकासह (एकाच पत्त्यावरचे वेगवेगळे संवाद ओळखण्याचा आकडा) त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की त्या नोंदीवरून ते योग्य संगणकाकडे वळवतो. या व्यवस्थेला नॅट (नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन) म्हणतात.

आयपीव्ही४ या पत्तापद्धतीचे (वरचे सगळे पत्ते तिच्यातलेच) एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच असल्याने अनेक सेवा पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात. राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान दिसला, तर तुमच्याकडेही हाच प्रकार आहे असे समजावे. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवण्याची राउटरमधली सोय) करूनही घरातला कॅमेरा बाहेरून थेट पाहता येत नाही. त्यासाठी पुरवठादाराकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा. खासगी पत्ता म्हणजे सुरक्षितता, हा समज मात्र कृपया बाळगू नये. राउटरची फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) चालूच ठेवावी.