सस्कॅचेवानमधल्या दीडशे वस्तीच्या गावात राहायला जावं का?

तुमच्या नवऱ्याला कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या नैर्ऋत्येला शेतीयंत्रांच्या दुरुस्तीची नोकरी मिळतेय, गावाची वस्ती दीडशेच्या आत, आणि तुम्ही विचारलंय की तिथली माणसं कशी असतात, आपल्याला सामावून घेतील का. मी त्याच भागातल्या स्विफ्ट करंट शहरात राहतो. पीक सल्लागार असल्यामुळे माझं निम्मं आयुष्य अशाच गावांत जातं. माझं उत्तर: हो, सामावून घेतात. पण गावाचं एखादं काम अंगावर घेतलंत, तरच.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे घरं गावठाणात आणि शेतं बाहेर असतात. इथे उलट. १८७२ च्या कायद्याने १० डॉलर नोंदणी फी भरून १६० एकर जमीन मिळायची, अट अशी की तिच्यावर घर बांधून राहायचं आणि ती कसायची. त्यामुळे शेतकरी आपापल्या रानात, एकमेकांपासून मैल-मैल लांब. गावात काय, तर रेल्वे, धान्याचं एलेव्हेटर (धान्य साठवून रेल्वेत भरायचं उंच कोठार), दुकान, चर्च, शाळा, पोस्ट. घोडागाडीवर गहू घालून आलेला माणूस अंधार पडायच्या आत घरी पोचला पाहिजे, या हिशेबाने रेल्वेने दर दहा-पंधरा किलोमीटरला एक स्थानक वसवलं. पुढे ट्रक आले, १९९५ मध्ये धान्याच्या रेल्वेभाड्यावरची सवलत गेली, कितीतरी शाखामार्ग उखडले, लाकडी एलेव्हेटर पाडली गेली. गावं वसली ते कारणच संपलं. तरी काही गावं उभी आहेत आणि ती तिथल्या लोकांनी हट्टाने उभी ठेवली आहेत.

तुम्ही जाणार त्याच भागातलं व्हॅल मारी बघा. स्विफ्ट करंटपासून दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरच्या आत, फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यात. १९१० च्या सुमारास फ्रेंच बोलणारी कुटुंबं इथे आली. त्यांच्या कितीतरी आधीपासून हा मुलूख मूळ रहिवाशांचा. टिपी तंबूंच्या कडेला रचलेल्या दगडांची हजारो वर्तुळं आजही गवतात दिसतात. गावाचा इतिहास कुणी १९१० पासून सांगायला लागलं की मला ती वर्तुळं आठवतात. जुनं लाकडी एलेव्हेटर गावकऱ्यांनी पडू दिलं नाही. विटांच्या जुन्या शाळेत आता संग्रहालय आणि पुस्तकांचं दुकान आहे. ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र गावातच आहे. २००५ मध्ये त्या उद्यानात बायसन (इथले रानगवे) परत आणले, आणि काळ्या शेपटीचे प्रेअरी डॉग (नावात डॉग असलं तरी बिळात राहणाऱ्या खारी) कॅनडात फक्त याच भागात रानात आढळतात. बर्फावरच्या हॉकीतला मोठा खेळाडू ब्रायन ट्रॉटिये इथलाच. न्यूयॉर्क आयलँडर्सने १९८० ते १९८३ स्टॅन्ली कप हा त्या खेळातला सर्वांत मोठा चषक सलग चार वेळा जिंकला, तेव्हा तो संघात होता. एवढ्याशा गावाला याचा किती अभिमान असेल, तुम्हीच बघा.

आता माणसं. समोरून ट्रक आला की चालवणारा स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करतो. तुम्हीही करा, ओळख नसली तरी. बोलणं पावसापासून सुरू होतं आणि बराच वेळ पावसावरच राहतं. तो वेळकाढूपणा समजू नका, इथे वर्षाची कमाई त्याच्यावर ठरते. पत्रं घरी येत नाहीत, पोस्टातल्या पेटीतून आणावी लागतात, त्यामुळे पोस्ट म्हणजे आपल्याकडचा पार. भारतीय चेहरा दिसला की कॉफी पिता पिता एखादा शेतकरी हमखास विचारतो, "इंडिया यंदा मसूर घेणार का?" २०१७ च्या शेवटी भारताने वाटाणा आणि मसूर यांच्यावर आयातशुल्क लावलं, तेव्हा या भागातल्या घराघरांत त्याची झळ बसली. आपल्या आमटीतली मसूर कदाचित यांच्याच रानातून आलेली असते, हे त्यांना नीट ठाऊक असतं.

गावाचा खरा स्वभाव मात्र कामात दिसतो. अग्निशमन दल स्वयंसेवकांचं. स्केटिंगचा बर्फ जमवायला रात्री पाणी मारणारे स्वयंसेवक. सुगी संपली की हॉलमध्ये फाउल सपर, म्हणजे गावजेवण, असतं: टर्की, कुस्करलेले बटाटे, कोबीचे रोल आणि 'पाय' (pie) नावाचा गोड पदार्थ. स्वयंपाक घराघरांत वाटून दिलेला. ऐन कापणीत एखादा शेतकरी आजारी पडला, तर शेजारी आपापले कंबाइन (कापणी-मळणीची यंत्रं) घेऊन येतात, त्याचं रान कापून देतात आणि मग स्वतःच्या रानाकडे वळतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, तरी दोघंही आले होते.

म्हणून गेल्या गेल्या फाउल सपरच्या स्वयंपाकात नाव द्या. मसालेभात करून न्या, आधी थोडा घेतील, मग भांडं रिकामं करतील. नवऱ्याला कर्लिंगच्या (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) संघात पाठवा; खेळता येत नसलं तरी शिकवतात. कुणी बोलावेल म्हणून घरात वाट बघत बसलात, तर हिवाळा फार लांब वाटेल. लोक भिडस्त आहेत, आपणहून दार वाजवत नाहीत.

अडचणीही मोठ्या आहेत. डॉक्टर बहुधा तासभर लांब. सरकारी बससेवा २०१७ मध्ये बंद झाली, त्यामुळे तुमच्या नावावर गाडी चालवायचा परवाना हवाच. उणे ३५ मध्ये रात्री गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवावं लागतं. पावसानंतर मातीच्या रस्त्यावर जाऊ नका, इथली गंबो माती चाकाला चिकटली की गाडी हलत नाही. आणि तुम्ही काय करता, कुठे जाता, हे सगळ्यांना कळतं.

होकार देण्याआधी शाळेत किती मुलं आहेत आणि ती पुढची पाच वर्षं चालणार का, हे शाळेलाच फोन करून विचारा. जमलं तर फेब्रुवारीत दोन दिवस जाऊन राहा. जूनमध्ये ते गाव कुणालाही आवडतं.